हुडकेश्वरचा राखेचा स्लॅब

१

गुरुवारी सकाळी सव्वासातला कामिनी हेडाऊचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. कामिनी आमच्या कोष्टी समाजाच्या भवन समितीची सचिव. एरवी ती आधी तब्येत विचारते, मग घरच्यांची विचारते आणि मग कामाचं बोलते. त्या दिवशी तिनं काहीच विचारलं नाही.

"सर, क्यूब गेले. हौदात एकही नाही."

मी दुसरा गाल तसाच ठेवून स्कूटर काढली.

मी श्रावण निखारे. तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काँक्रीटचे क्यूब फोडले आणि नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झालो. क्यूब म्हणजे काँक्रीटचा ठोकळा, वीतभर लांब, तेवढाच रुंद आणि उंच. स्लॅब टाकताना त्याच मालातून असे सहा ठोकळे भरतात आणि पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतात. तीन सातव्या दिवशी मशीनखाली फोडायचे, तीन अठ्ठाविसाव्या दिवशी. किती वजनाला फुटतात त्यावरून स्लॅबचा माल कसा होता ते कळतं. एकेका ठोकळ्याचं वजन आठ किलो, आणि त्याला बाजारात कोणी फुकटही घेणार नाही. म्हणजे तो चोरणारा माणूस वेडा तरी असतो किंवा घाबरलेला तरी.

नागपूरच्या हुडकेश्वरला आमचं समाजभवन बांधून होत आलं होतं. दोन जानेवारीला वाचनालयाच्या खोलीचा स्लॅब पडला. त्या स्लॅबमध्ये सिमेंटचा तिसरा हिस्सा कमी करून त्या जागी वीज केंद्राची राख घातली होती. कोळसा जळून जी पिठासारखी राख उरते, ती. साइटवरची इंजिनीअर काजल ढोके हिची ती कल्पना होती. समितीच्या बैठकीत मी तिला कडाडून विरोध केला होता. राख ती राख, असं मी म्हणालो होतो आणि लोक हसले होते. तरी दोन मतांनी काजलचं म्हणणं मंजूर झालं. मला ते लागलं होतं, हे आत्ताच सांगून टाकतो.

दहा तारखेला स्लॅबला खालून दिलेले टेकू काढले. खालची फळ्यांची सेंट्रिंग मोकळी झाली तशा वर विटा चढवल्या. दुपारी स्लॅब मध्ये वाकला, त्याचा एक कोपरा तुटला आणि खाली उभ्या असलेल्या पंकज सोरतेच्या मांडीचं हाड मोडलं. पंकज चाळिशीचा गवंडी, दोन मुलींचा बाप. तो तेव्हापासून इस्पितळात होता.

सातव्या दिवसाच्या तीन क्यूबांचा अहवाल दोन दिवसांनी आला. पंचवीसच्या ताकदीचा माल हवा होता, आकडा आला बारा. साऱ्या हुडकेश्वरानं एकच नाव घेतलं: राख पुरवणारा बळीराम भोयर. उरलेले तीन क्यूब शुक्रवारी, तीस तारखेला, फुटायचे होते. ते नापास झाले की रविवारच्या सभेत सांगून सोमवारी पोलिसांत तक्रार द्यायची, असं समितीनं ठरवलं होतं.

आणि आज एकोणतीस तारीख होती आणि हौद रिकामा होता.

मी आवार पाहिलं. लोखंडी सळ्या जागच्या जागी, सिमेंटची पोती जागच्या जागी. स्लॅबवर ओली पोती पसरून तराई करतात, ती तराईची पोती तारेवर वाळत होती. तारेच्या एका टोकाला तीन पोत्यांची जागा रिकामी दिसली. हौदापासून फाटकापर्यंत धुळीत पाण्याचे ठिपके सुकले होते. चाळीस पावलं ते तसेच दाट होते, फाटकापाशीसुद्धा.

"घाईत नेले," मी कामिनीला म्हणालो. "निथळूसुद्धा दिले नाहीत."

"काल साडेपाचपर्यंत होते. काजलनं पाह्यले. सहाले बळीरामभाऊचा टेम्पो आलता, राखेचे रिकामे बोरे न्यायले."

मला आणखी काही पाहायची गरज वाटली नाही. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं होतं.

२

बळीराम भोयरचं आवार वीज केंद्राच्या अलीकडच्या गावात आहे. वीस-बावीस बाया तिथं राखेच्या विटा पाडतात. एका बाजूला कोरड्या राखेची बंद टाकी, दुसऱ्या बाजूला मिक्सर आणि चुरा करायची मशीन. त्याची बायको रुखमाबाई विटांवर पाणी मारत होती. मी आलो ते पाहून तिनं पाइप बाजूला ठेवला आणि पदर नीट केला.

बळीराम पन्नाशीचा, बुटका, स्वच्छ सदऱ्यातला माणूस. एकेकाळी त्याच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. पानांवर राख बसायला लागली तशी बाग गेली आणि ह्यानं त्याच राखेचा धंदा मांडला. हे सगळं मला माहीत होतं.

"क्यूब कुठं आहेत?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"कोणते क्यूब, सर?"

"काल सहा वाजता तुमचा टेम्पो साइटवर होता."

"होता. बोरे मोजून आणले. क्यूब गेले काय?" त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, नाटक करतोय. "सर, मी काहून नेऊ? मी तं शुक्रवारची वाट पाहून राहिलो. ते फुटले असते तं माझी राख खरी ठरली असती."

"बारा आकडा आला तेव्हा ठरली की."

"सात दिवसाचा आकडा हाय तो. राखेचा माल हळू पकते. काजलताईले इचारा." तो माझ्याकडे सरळ पाहत होता. "अन् मले चोरायचेच असते तं पाहा, ते मशीन हाय. दोन मिनिटात चुरा. तुमाले मंग कुठं सापडले असते?"

हे बोलणं बिनतोड होतं. तेवढ्यात मी थांबायला हवं होतं. पण बायांनी काम थांबवलं होतं, रुखमाबाई बघत होती, आणि एकतीस वर्षं क्यूब फोडलेल्या माणसाला राखवाला शिकवत होता. माझं डोकं फिरलं.

"माणूस मेल्यावर मागं उरते ती राख, भोयर," मी म्हणालो. मोठ्यानंच म्हणालो. "ती लोकांच्या डोक्यावर छत म्हणून घालता आणि वर तोंड करून बोलता. लाज नाही वाटत? तिकडं एक माणूस मांडी मोडून पडलाय. सोमवारी पोलीस येतील तेव्हा ह्या बायांना सांगा, तुम्ही कसला धंदा करता ते."

रुखमाबाईनं विचारलं, "सर, आटपलं काय तुमचं?"

मी तडक निघालो. जिंकल्यासारखं वाटत होतं. त्या वाटण्याची आठवण झाली की आजही मला कोणाच्या डोळ्यात बघवत नाही.

३

काजल साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत बसली होती. काटोलची मुलगी, सव्वीस वर्षांची, तंत्रनिकेतनात माझ्या शेवटच्या तुकडीत होती. मी आत गेलो तशी ती उठून उभी राहिली.

"क्यूब तू हलवलेस का?" मी विचारलं.

"मी काहून हलवू सर? माझी नोकरी त्या तीन क्यूबवर हाय."

"नापास होतील म्हणून."

तिनं कोपऱ्यातली सिमेंटची एक गोणी ओढून माझ्यासमोर आणली. समितीनं आवाराच्या भिंतीसाठी बाजारातून आणलेली, साधी. गोणीवर बारीक अक्षरांत काय छापलंय ते तिनं बोटानं दाखवलं.

"वाचा ना सर. ह्याच्यातई राख हाय. कंपनीच घालून देते. दुकानात आज जे सिमेंट भेटते त्यातल्या बहुतेक बोऱ्यांत हाय. तुमच्या घरावर मागच्या साली तुमी खोली चढवली ना, तिच्या स्लॅबमंदीई असन."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गोणीवर तसं छापलेलं होतं. नऊ वर्षांत मी सिमेंटची गोणी वाचली नव्हती.

"राख लगेच काम करत नाही, सर. आधी सिमेंट आपलं काम करते, मंग त्यातून जे उरते त्याले राख धरते. हळू. थंडीत तं आणखी हळू. सात दिवसाले बारा आला तं मले काही वाटलं नाही. अठ्ठाविसाले तीसच्या वर गेला असता. मी लिहून देते."

"मग स्लॅब का पडला?"

टेबलावरचा पेन उचलून तिनं पुन्हा तिथंच ठेवला.

"टेकू लवकर काढले," ती म्हणाली. "मी ताराचंद मिस्त्रींना सांगतलं होतं, मी म्हणीन तोवर हात लावू नका. शनिवारी मी काटोलले गेली होती, घरी पूजा होती. त्यांनी आठव्या दिवशी काढले."

"ताराचंदनं? तो असं करणार नाही. पस्तीस वर्षं मिस्त्रीकाम करतोय तो. मिस्त्रींसाठी मी रविवारी वर्ग घेतो, त्याला पहिल्या तुकडीपासून येतोय."

"हाव सर. म्हणूनच काढले."

"म्हणजे काय?"

"ते तुमी त्यांनाच इचारा. माझ्या तोंडून ते बरं नाही दिसत."

तिचे डोळे भरून आले होते आणि तिला माझी कीव येत होती. आपली कीव करणारी विद्यार्थिनी समोर उभी असली की मास्तराला घाम फुटतो. मला फुटला.

४

मी बाहेर हौदाच्या कठड्यावर जाऊन बसलो आणि त्या दिवसात पहिल्यांदाच डोकं चालवलं.

सगळ्यांनी, आणि सगळ्यांत आधी मी, असं धरलं होतं की चोराला क्यूब नापास होण्याची भीती होती. पण बळीरामला ते क्यूब हवे होते. काजललाही हवे होते. दोघांनाही खात्री होती की ते पास होतील. म्हणजे क्यूब अशा माणसानं नेले, ज्याला त्यांच्या पास होण्याची भीती होती. क्यूब पास झाले की राख सुटते. राख सुटली की लोक विचारणार, मग स्लॅब का पडला? आणि उत्तर एकच उरतं.

धुळीतले ठिपके अजून दिसत होते. भिजलेला ठोकळा हातात घेतला तर दहा पावलांत निथळून जातो. हे ठिपके चाळीस पावलं दाट होते, कारण गळत होती ती पोती. चोरानं तारेवरची तीन पोती काढली, हौदात बुचकळली आणि एकेक क्यूब ओल्या पोत्यात गुंडाळून नेला. पुरावा नाहीसा करणारा माणूस पुराव्याला ऊन लागू नये म्हणून जपत नाही.

असं जपायला मी शिकवतो. रविवारच्या वर्गात पहिलं वाक्य तेच असतं: क्यूब हलवताना ओल्या पोत्यात हलवा, त्याला तहान लागू देऊ नका. लेकराला दुपट्यात घेतात तसं. बाया-माणसं हसतात, पण लक्षात ठेवतात. काजलही शिकली होती, पण तिला क्यूब हवे होते. उरला एक.

मला ते नाव उच्चारवेना. ताराचंद पराते माझा पहिला विद्यार्थी. वर्गाला पाच मिस्त्री यायचे तेव्हाही तो असायचा. त्याच्या मुलीच्या लग्नात त्यानं मला सासरच्या मंडळींच्या रांगेत बसवलं होतं.

तांडापेठेत त्याचं घर आहे. मी पोचलो तेव्हा तो कामावर होता. त्याची बायको मैनाबाई गल्लीतल्या नळावरून कळशी भरून आणत होती. भर दुपारी, साठीची बाई.

"घरात हौद आहे ना वहिनी?" मी विचारलं. मला माहीत होतं. त्यांच्या पुढच्या खोलीत पूर्वी खड्डामाग होता. ताराचंदचे वडील त्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसत. माग गेला तेव्हा ताराचंदनं खड्ड्याला गिलावा करून त्याचा पाण्याचा हौद केला होता. माझ्याकडून विचारून केला होता.

"हाय ना भाऊजी. भरला हाय. पण काल सांजपासून हात लावू देत नाहीत त्याले. झाकणावर पाटा ठेवला हाय. म्हणतात, पाणी खराब झालं, मी पाहतो. मंग पाहत बी नाहीत." तिनं कळशी खाली ठेवली. "दोन घास धड जेवले नाहीत. तुमी तरी इचारा ना बाप्पा त्याईले."

मी तिच्या परवानगीनं पाटा सरकवला आणि झाकण उचललं. बाही वर करून हात कोपरापर्यंत आत घातला. बोटांना चौकोनी कड लागली.

५

ताराचंद सहाला आला. मला दारात पाहून त्यानं सायकल भिंतीला लावली आणि चपला काढून आत आला. झाकण उघडं होतं. तो खाली बसला, माझ्या पायांपाशी, आणि मला ते सहन होईना म्हणून मीही जमिनीवर बसलो.

"काहून केलंस गा ताराचंद?"

"सर, तुमी इथं काहून आले," तो म्हणाला. "बळीरामच्याच घरी राह्यले असते तं बरं झालं असतं."

"राख चांगली आहे हे तुला माहीत होतं?"

"पंधरा दिवसानं तुटलेल्या कोपऱ्यावर हातोडी मारून पाह्यली. टणटण वाजून राहिला. मंग समजलं. माल खरा होता, आपणच घाई केली."

"काजलनं सांगितलं होतं, हात लावू नको म्हणून."

"सांगतलं होतं."

"मग?"

तो उठला. अवजारांच्या पेटीतून प्लास्टिकमध्ये घातलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड काढून त्यानं माझ्या हातात दिलं. ते माझ्याच अक्षरातलं होतं. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी मी वर्गासाठी ते लिहून छापून घेतलं होतं आणि वर ठसठशीत घातलं होतं: टेकू काढण्याचे दिवस. खाली माझी सही. साडेचार मीटरपर्यंतचा स्लॅब, सात दिवस. वाचनालयाची खोली चार मीटरची होती.

"पोरगी कालची हाय, सर," ताराचंद म्हणाला. "म्या मनाशी म्हटलं, सरांचं लेखी हाय अन् तिचं तोंडी. सरांनी सात म्हटलं, म्या तं एक दिस जास्तीचाच देल्ला."

मी कार्डाकडे बघत राहिलो. ज्या पुस्तकातून मी ते दिवस उतरवले होते, त्यात त्या तक्त्याखाली एक टीप होती. हे दिवस साध्या सिमेंटचे आणि उबदार हवेचे आहेत, दुसरं सिमेंट असेल किंवा थंडी असेल तर वाढवावेत, अशी. मी ती टीप वाचली होती. समजली होती. आणि गाळली होती. कार्डावर जागा नव्हती असं मी तेव्हा म्हणालो असेन, पण जागा होती. माझी सही दोन बोटं मोठी आहे. मिस्त्री लोक गोंधळतील, त्यांना एक आकडा द्यावा, तेवढंच त्यांना झेपतं, असं मला वाटलं होतं. पुढं बाजारातलं सिमेंट बदललं, त्यात राख आली, आणि मी गोणी वाचली नाही की कार्ड बदललं नाही. रविवारी रविवारी तेच वाटत राहिलो.

"क्यूब पास झाले असते तं लोकाईनं इचारलं असतं, ताराचंद, टेकू कोणाच्या सांगण्यानं काढले?" तो म्हणाला. "मले हे दाखवा लागलं असतं. खोटं काहून बोलू, माझंही वाचत होतं. पण तुमचं नाव, सर. अर्ध्या नागपूरचे मिस्त्री तुमच्या नावानं कान पकडतात."

"आणि बळीराम?"

त्यानं मान खाली घातली. "त्याचं मनात येई. मंग दुसरीकडं पाहो."

"मग फोडून का नाही टाकलेस?"

"हातोडा उचलला होता. पण क्यूब हाय ना, सर," तो म्हणाला. "तुमीच शिकवलं."

मैनाबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज यायला लागला.

ताराचंदनं माझा हात धरला. "रविवारी सभेत एवढंच सांगा, क्यूब सापडले, राख चांगली हाय, मिस्त्रीनं घाई केली. बळीराम सुटते. कार्डाचं बोलू नका. मी आज जाळून टाकतो."

मी त्याला लगेच नाही म्हणालो नाही. हे लिहिताना हात अडतोय, पण खरं आहे. सगळा हिशेब बसत होता. बळीराम सुटत होता, काजल सुटत होती, आणि जो माणूस आपण होऊन मान पुढं करत होता त्याची मान मी कापायची होती, एवढंच. मी त्याला म्हणालो, "बघू." आणि कार्ड खिशात घालून घरी आलो.

६

शनिवारी सकाळी काजलनं आणि मी ते तीन क्यूब ओल्या पोत्यांतून प्रयोगशाळेत नेले. शुक्रवार मी कार्ड खिशात ठेवून घरातच काढला होता; एका दिवसाच्या उशिरानं फरक पडत नाही. मशीनचा काटा पंचवीसवर गेला, पुढं गेला. एकतीस, बत्तीस, एकतीस. काजलनं आकडे लिहून घेतले. तिनं मला विचारलं नाही की क्यूब कुठं सापडले. ती फक्त म्हणाली, "सर, आता उद्या?"

रविवारी भवनाच्या अर्ध्या बांधलेल्या सभागृहात साठेक माणसं जमली. कामिनी टेबलामागं होती. बळीरामला शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं होतं, शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. ताराचंद खांबाला टेकून उभा होता. माझं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या वाजल्या, नेहमीसारख्या.

मी आधी आकडे सांगितले. खोलीत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "मंग स्लॅब पडला कसा?" हौदाच्या कठड्यावर बसून मी ताडलं होतं, अगदी तसंच.

"टेकू लवकर काढले," मी म्हणालो.

सगळ्यांच्या माना खांबाकडं वळल्या. ताराचंदनं हात जोडले आणि एक पाऊल पुढं आला. त्याला सगळं आपल्या अंगावर घ्यायचं होतं आणि तो ते घेणारच होता. मी अजूनही गप्प राहू शकत होतो. एक क्षण मी गप्प राहिलो, आणि तो क्षण कामिनीच्या लक्षात आला असावा, कारण ती माझ्याकडं बघायला लागली.

मी खिशातून कार्ड काढलं आणि वाचून दाखवलं. सगळं, सहीसकट. मग जी टीप गाळली होती ती तोंडपाठ म्हणून दाखवली.

"मिस्त्रीनं काजलचं ऐकलं नाही, ही त्याची चूक. त्यानं क्यूब लपवले, बळीरामभाऊंचं नाव खराब होऊ दिलं, ही त्याहून मोठी," मी म्हणालो. "पण टेकू त्यानं माझ्या शब्दावर काढले. तो शब्द अर्धा होता. उरलेला अर्धा मी मुद्दाम दिला नव्हता, कारण मिस्त्रींना अक्कल नसते असं मला वाटत होतं. पंकजचा पाय माझ्यामुळं मोडला."

पहिल्या रांगेतले माझे दोन जुने विद्यार्थी जमिनीकडं बघत होते. त्यांच्याही पेट्यांत ते कार्ड असणार. मी म्हणालो, ज्यांच्याकडं असेल त्यांनी आज घरी गेल्यावर फाडून टाका. इस्पितळाचा खर्च मी देईन, असंही म्हणालो, तेव्हा कामिनी मधेच म्हणाली, "ते मंग पाहू सर, आता बसा." इतक्या हळू आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

समितीनं तक्रार द्यायचं रद्द केलं. लोक उठून बळीरामकडं गेले, कोणी त्याचा हात हातात घेतला, कोणी चहाचं विचारलं. गर्दी सरल्यावर मी त्याच्यापाशी गेलो.

"भोयर, मला माफ करा."

त्यानं सदऱ्याची बाही सारखी केली. "सर, इथं तुमी जे बोलले ते इथल्या लोकाईनं आयकलं," तो म्हणाला. "माझ्या आवारात जे बोलले ते आवारातल्या बायाईनं आयकलं होतं. त्यातल्या कोणी इथं नाहीत. गुरुवारपासून पाच जणी कामावर आल्या नाहीत. त्याईच्या घरचे म्हणतात, पोलिसांचं लचांड हाय."

"मी येतो."

"उद्या सकाळी आठले. सगळ्या राह्यतील, मी बोलावतो."

७

सोमवारी आठला मी त्या आवारात उभा होतो. स्कूटर बाहेर लावली आणि आत चालत गेलो. बाया विटांच्या रांगांमध्ये उभ्या होत्या, काही डोक्यावर फडकं बांधून, काही लेकराला कडेवर घेऊन. न येणाऱ्या पाचही आल्या होत्या, त्या एका बाजूला घोळक्यानं होत्या. बळीराम मिक्सरजवळ थांबला. त्यानं मला खुर्ची दिली नाही आणि मी मागितली नाही.

वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवली होती. वर्गात बोलतो तशी, स्वच्छ, ऐकणाऱ्याला पटतील अशी. तोंड उघडलं तेव्हा त्यातलं एकही आलं नाही.

"गुरुवारी मी इथं जे बोललो ते खोटं होतं," मी म्हणालो. "राख चांगली आहे. तुमचं काम चांगलं आहे. स्लॅब माझ्या चुकीनं पडला आणि मी येऊन तुमची लाज काढली. लाज मला वाटायला पाहिजे होती."

आवाज घशातच राहत होता. साठ माणसांसमोर जेवढा निघाला होता, तेवढाही इथं निघेना. मी बोलायचा थांबलो आणि पायाखालच्या मातीकडं बघत राहिलो. वाटलं, संपलं एकदाचं.

रुखमाबाई पुढच्या रांगेत होती. तिनं मागं वळून त्या पाच जणींच्या घोळक्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती.

"जरा मोठ्यानं बोला सर," ती म्हणाली. "मांगच्या बायाईले आयकू नाही आलं."

मी मान वर केली आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.